काळ्या नळीतला ठिपका

काकूच्या घरात एक कपाट होतं. त्याला कुलूप नव्हतं, तरी त्याचा खालचा खण तिच्याशिवाय कुणी उघडत नसे. आतली खोली बिनखिडकीची, त्या खोलीत ते कपाट, खालच्या खणात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि डब्याला काळ्या कापडाची पिशवी. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं, आत काहीतरी चोरून खायचं असणार. एकदा मी विचारलंही. काकू म्हणाली, "अंधार ठेवलाय. उघडलास तर सांडेल."

डब्यात चकत्या असायच्या. डाळीएवढ्या, दोन तारांचे पाय असलेल्या, अंगावर नारिंगी नागमोडी रेघ. त्यांच्यावर उजेड पडला की वीज त्यांच्यातून सहज जाते, अंधार झाला की अडते. एवढाच त्यांचा गुण, पण काकांचं सगळं घर त्या एका गुणावर उभं होतं.

काका सिंथेसायझर बनवायचे. म्हणजे पियानोसारख्या पट्ट्यांचं, पण विजेवर आवाज तयार करणारं वाद्य. विजेतून निघालेला आवाज आधी करवतीसारखा असतो, त्यात सगळंच भरलेलं असतं. फिल्टर ही त्याची चाळणी. नको तेवढी धार ती अडवते, हवी तेवढी सोडते. बाजारातल्या वाद्यांत हे काम कुठलीशी चिप करते. काका चकतीसमोर एक बारका दिवा ठेवायचे आणि दोघांना समोरासमोर काळ्या नळीत बंद करून टाकायचे. बाहेरून बटण फिरवलं की आत दिवा वाढतो, चाळणी उघडते आणि आवाज लखलखतो. दिवा मंद केला की आवाज पांघरुणात शिरतो. आणि दिवा विझला तरी चकतीला अंधार मान्य करायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात आवाज तुटत नाही, विझत जातो, पोकळ लाकडावर मारलेल्या टिचकीसारखा. वादक त्यासाठीच जिना चढून यायचे.

लग्नाआधी काकू मीटरच्या कारखान्यात तपासणीला होती. तिच्या बोटांना मोजायची सवय. काकांची पहिली दोन वाद्यं एका आठवड्यात वेगळी वाजायला लागली, तेव्हा ते चकत्या विकणाऱ्याला शिव्या देत बसले होते. काकूनं एक चकती दिवसभर टेबलावर उजेडात ठेवली, दुसरी डब्यात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दोघींना एकाच दिव्यासमोर धरून मोजलं. आकडे जुळेनात. मग दोघींना एक अख्खा दिवस अंधारात ठेवून पुन्हा मोजलं, तर जुळले. उजेडात बसलेली चकती उजेड अंगात घेऊन येते, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून नियम झाला: मोजायच्या आधी पूर्ण एक दिवस डब्यात. येणाऱ्याजाणाऱ्याला काका सांगायचे, "हे आम्ही शोधून काढलं." त्या 'आम्ही'त आपण किती, हे काकूनं कधी मोजलं नाही. मोजायला तिच्याकडे चकत्या होत्या.

एका फिल्टरला चार चकत्या लागतात आणि चारही सारख्या चालीच्या हव्यात. काकू त्यांना चार जावा म्हणायची. "एक पुढे पळतेय, एक फुगून मागे बसलीय, असं नाही चालत. चौघींनी एकदम हसायचं, एकदम गप्प व्हायचं."

"अशा जावा कुठे मिळतात, आई?" तिची सून विचारायची.

"दोनशे मोजल्या की चार," काकू म्हणायची.

काकू मोजायची आणि काका ऐकायचे, अशी वाटणी होती. आकडा बरोबर आला आणि कानाला पटलं नाही, तर कान जिंकायचा. कारण काकांचा कान म्हणजे कान होता. जिना चढता चढता ते सांगायचे की वर कुणीतरी वाद्य लावलंय आणि त्याची तिसरी जोडणी ढिली आहे. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. मास्तरांनी कान लावला, म्हणजे वाद्य झालं.

त्या वर्षी काका सदुसष्टचे होते. नाटकांना पार्श्वसंगीत देणारा एक वादक, उंचीमुळे सगळे त्याला लांबू म्हणत, महिन्याभरापूर्वी नेलेलं वाद्य बगलेत मारून परत आला.

"मास्तर, या वेळचं जरा टोचतंय."

"टोचतंय म्हणजे?"

"वरचे सूर. कानात काडी घातल्यासारखे. पहिल्या रांगेतली एक बाई कानांवर हात ठेवून बसली होती."

"नाटक ऐकून ठेवले असतील."

लांबू हसला, पण वाद्य तसंच परत न्यायला तयार होईना. काकांनी स्टूल ओढलं, दोन-चार पट्ट्या दाबल्या, मान तिरकी करून ऐकलं. "यात काय टोचतंय? उलट अजून थोडं उघडायला हवं." आणि दिव्याचा उजेड ठरवणारा बारका स्क्रू त्यांनी आणखी पाव वळसा पुढे नेला. लांबूनं काकूकडे बघितलं. काकूनं कपबशा उचलल्या.

पंधरवड्यानं काकांना ताप आला. सुनेनं थर्मामीटर काखेत दिला आणि ती भांडी घासायला गेली. पुष्कळ वेळानं बाहेर येऊन बघते, तर काका हात अंगाशी घट्ट धरून तसेच बसलेले.

"बाबा, अजून धरलाय?"

"वाजला की काढीन."

तो केव्हाच वाजला होता. नळ चालू असूनही तिनं स्वयंपाकघरात ऐकला होता. सुनेनं ही गंमत सगळ्यांना सांगितली, मलाही सांगितली. काकूही हसली. पण दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असताना तिनं पुन्हा थर्मामीटर लावायला दिला आणि समोर शेंगा सोलत बसली. थर्मामीटर वाजला. काका पेपर वाचत राहिले. काकूनं सगळ्या शेंगा सोलून संपवल्या, मग म्हणाली, "द्या आता."

डॉक्टरकडे चला, असं ती त्या दिवशी म्हणाली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. मी तिला तसं म्हटलंही, पण फार उशिरा. ती म्हणाली, "डोळ्यांचं असतं तर चष्मा म्हटलं असतं. कानाचं यंत्र लावलेल्या माणसाकडे सूर लावून घ्यायला कोण येतं? आणि त्यांच्यातून कान काढून घेतला तर माझ्या वाट्याला काय उरतं, सांग. नुसती चिडचिड." ती हे हसत म्हणाली, पण हातातलं फडकं तिनं चार वेळा घडी करून चार वेळा उलगडलं.

सुनेकडे काळ्या नेलपॉलिशची एक बाटली होती. हौसेनं आणलेली, एकदाच लावलेली. त्या वेळी काकू म्हणाली होती, "बोटं दारात चेमटली का गं?" तेव्हापासून बाटली पडून होती. काकू एक दिवस तिच्या दारात उभी राहिली.

"ती काळी बाटली आहे का अजून?"

"आई, तुम्ही लावणार?"

"लागतेय जरा."

सुनेनं बाटली दिली आणि पुढचे आठ दिवस सासूच्या बोटांकडे बघत राहिली.

काकूनं काय केलं, तर नळी बंद करायच्या आधी आतल्या दिव्याच्या टोकावर मोहरीएवढा काळा ठिपका दिला. म्हणजे काकांनी स्क्रू अगदी शेवटापर्यंत फिरवला तरी चकतीवर उजेड पडायचा तो हवा तेवढाच. सांगायला सोपं आहे. पण चार नळ्यांतले चार ठिपके सारखे हवेत, नाहीतर जावा भांडतात. ठिपका द्यायचा, वाळवायचा, मोजायचं, नखानं खरवडायचं, पुन्हा द्यायचा. पूर्वी ज्या कामाला एक सकाळ लागायची, त्याला तीन लागायला लागल्या. "तुझे हात जड झाले," काका म्हणायचे. ती म्हणायची, "वयं झाली."

वाद्यं पुन्हा नीट जायला लागली. लांबूनं आपलं बदलून घेतलं आणि वाजवून बघितल्यावर डोळे मिटून बसला. "हे, मास्तर. हे तुमचं."

काका मात्र मिटले. त्यांना आता आपलं कुठलंच वाद्य आवडत नव्हतं. स्क्रू शेवटाला टेकायचा आणि आवाज त्यांच्या लेखी पांघरुणातच. वाद्य देताना ते गिऱ्हाइकाची माफी मागायचे, गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि काका दार लावून म्हणायचे, "लोकांचे कान गेलेत. काहीही चालवून घेतात." काकू त्या वेळी आतल्या खोलीत काहीतरी आवरायला जायची.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग चकत्यांचा कारखाना बंद झाला. त्यांच्यात कसलासा विषारी धातू असतो म्हणे, त्यामुळे त्या बनवणंच थांबलं. काकूच्या डब्यात उरल्या त्या शेवटच्या. आता प्रत्येक चकती मोलाची झाली आणि काकांचा राग वाट शोधायला लागला. आधी ते मीटरवर घसरले. नवा मीटर आला, आकडे तेच आले. मग एका दुपारी त्यांची नजर कपाटाच्या वरच्या खणाकडे गेली. तिथे सुनेचे थंडीचे कपडे असायचे.

"हे कपाट तू उघडतेस."

"वरचा खण उघडते, बाबा."

"दार उघडं टाकून जातेस. डब्यात उजेड जातो. अर्धवट अंधारातल्या चकत्या ही मोजते आणि माझी वाद्यं मरतात."

"डबा खाली आहे, त्याला झाकण आहे, वर पिशवी आहे. उजेड काय रांगत जातो?"

"शेवटचा डबा आहे तो. तुला काय त्याचं?"

सुनेनं वरच्या खणातले कपडे काढून पिशवीत भरायला सुरुवात केली. एक स्वेटर, दोन शाली, मग नवऱ्याचेही. भरता भरता कुणाकडेही न बघता म्हणाली, "संध्याकाळी हे आले की सांगते. आम्ही जागा बघतो दुसरी." तिच्या आवाजात भांडण नव्हतं. काकूनं भांडणं पुष्कळ बघितली होती. ज्यात आवाज चढत नाही त्यातली माणसं खरंच जातात, हे तिला माहीत होतं.

ती पुढे आली आणि काकांना म्हणाली, "तिचा काही संबंध नाही. मीच आळस केला. दिवसभर डब्यात ठेवायच्या त्या तासाभरात काढून मोजल्या."

काकांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "तू?"

"हो."

"अगं, तूच तर नियम केलास."

तीस वर्षांत पहिल्यांदा तो नियम तिचा झाला. काकू मान खाली घालून उभी होती. सुनेचा हात पिशवीतच थांबला होता. काका बराच वेळ खुर्चीच्या दांड्यावर बोट आपटत राहिले. रागावलेही नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, "मग आता राहू दे. मी बघतो."

तेव्हापासून काकूचं स्टूल, मीटर, चिमटा, सगळं काकांकडे गेलं. कपाटही. ती स्वयंपाकघरात बटाटे चिरायची. आतल्या खोलीतून चिमटा पडल्याचा आवाज आला की तिची सुरी थांबायची.

काकांनी चकत्या दिवसभर डब्यात ठेवल्या, नियमानं मोजल्या, चार निवडल्या, स्वतः नळ्या बंद केल्या. अर्थात ठिपक्याशिवाय. वाद्य लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांना आपला आवाज ऐकू आला. त्यांनी काकूला हाक मारून बसवलं, वरचे सूर लांबवून लांबवून वाजवले. सून आपल्या खोलीचं दार ओढून बसली. काकूच्या दाढा आंबल्या होत्या, पण ती म्हणाली, "छान."

"बघ. नुसत्या आळसापायी दोन वर्षं गेली."

हे वाद्य लांबूच्या मित्रासाठी होतं, आणि लांबूच ते घ्यायला आला. मी त्या दिवशी तिथे होते, माझ्या शिवणयंत्राचा दिवा काकांकडून दुरुस्त करून घ्यायला गेले होते. लांबूनं पट्टी दाबली आणि हात झटकन मागे घेतला.

"मास्तर, हे परत पहिल्यासारखं झालंय. टोचणारं."

"हेच बरोबर आहे. मधली चुकली होती."

"नाही हो. मधलीच बरोबर होती. माझं अजून घरी आहे, कुणालाही विचारा."

काकांनी खणातून काकूनं बंद केलेली एक जुनी नळी काढली, उरलेली असावी, आणि पात्यानं उभी चिरली. चकती एका बाजूला ठेवली. दिवा चिमट्यात धरून खिडकीकडे नेला. आम्ही सगळे बघत होतो. मग त्यांनी दुसरी नळी चिरली.

"हे काय आहे?"

काकू दारात उभी होती, हात ओले. "ठिपका."

"ते दिसतंय. कशाला?"

"उजेड जास्त होत होता."

"कुणाला जास्त होत होता?"

मला वाटलं, ती काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. तिला ते जमायचं. पण बहुधा ती दमली होती. म्हणाली, "सगळ्यांना."

लांबूनं वाद्याची पेटी बंद केली. कड्या लावायचा आवाज फार मोठा झाला. "मी नंतर येतो, वहिनी," म्हणून तो वाद्य न घेताच गेला.

काकांनी तपासणीचं यंत्र पुढे ओढलं, ज्यातून एकच सूर निघतो आणि बटण फिरवलं की चढत जातो. काकूला म्हणाले, "फिरव. हळूहळू." आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले, एक हात वर धरून. "ऐकू येईल तोवर हात वर राहील."

काकूनं हात पुसले आणि बटण फिरवायला लागली. सूर चढत गेला, बारीक होत गेला, तारेसारखा झाला. काकांचा हात खाली आला. सूर चालूच होता. मी, सून, काकू, आम्ही तिघी तो ऐकत होतो. काका भिंतीकडे बघत वाट बघत होते.

"थांबवलंस कशाला? लाव ना."

"चालू आहे," काकू म्हणाली.

त्यांनी मान वळवून यंत्राच्या काट्याकडे बघितलं. मग स्वतः उठून बटण बंद केलं.

सून कुठे गेली नाही. तिचे कपडे वरच्या खणात परत आले, ते तिनंच आणून ठेवले. एकदा मला म्हणाली, "बाटलीचं मला आधीच कळायला हवं होतं. मी आपली बोटं बघत बसले."

कबूल केलेली दोन वाद्यं राहिली होती, लांबूनं न नेलेलं ते धरून. "लाव तुझे ठिपके," काका म्हणाले आणि स्टूल काकूला परत दिलं. स्क्रू त्यांनी काकूच्या आकड्यावर लावले, पट्टीला हात लावला नाही. नेणाऱ्यांनी वाहवा केली, तेव्हा "असेल" म्हणाले. त्यानंतर नवं वाद्य झालं नाही. कानाचं यंत्र आणलं, पण त्यातून सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं येतं म्हणून ते पेटीतच असतं. डब्यात अजून साठ-सत्तर चकत्या आहेत. काकू अधूनमधून चार काढून मोजते आणि परत ठेवते.

राहिलं ते एवढंच की काकांचा तिच्या शब्दावरचा विश्वास गेला. भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं की ते विचारायचे, "ठिपका लावून सांगतेस?" फोन वाजला नाही म्हटलं तरी तेच. पहिल्यांदा सून हसली. काकूही हसली. हळूहळू घरात तो शब्द आला की माणसं ताटात बघायला लागली. तिनं दोन वर्षं त्यांच्यासाठी काय केलं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मला वाटतं, कळत होतं म्हणूनच.

गेल्या आठवड्यात त्यांना पुन्हा ताप होता. मी बघायला गेले तेव्हा काकू पलंगाच्या कडेला बसली होती आणि काकांनी थर्मामीटर काखेत धरला होता. तो वाजला.

"वाजला," काकू म्हणाली.

काकांनी हात हलवला नाही. ते समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"होऊ दे पाच मिनिटं," ते म्हणाले.

काकूनं पुढे केलेला हात मांडीवर ठेवला आणि तीही घड्याळाकडे बघत बसली.